पिराचं गणगोत

"हळू गा, बाबा निजले हायेत." आमच्या माळावरच्या दर्ग्याचा मुजावर दोन्ही हात खाली दाबत हेच म्हणायचा. माणसालाही, बकरीलाही. मी खदानीत दगड फोडणारा. मी विचारायचो, "आम्ही सुरुंग लावतो तवा तुझे बाबा उठत नाहीत काय?" तो म्हणे, "उठतात ना. मग मी थापटून निजवतो."

काटोल रोडनं गेला असाल तर माळावरची काळ्या दगडांची रिंगणं तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्याच एका रिंगणावर हिरवी चादर चढून दर्गा झालेला. कधी झाला, ते माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. एकदा शहरातून शिकलेली माणसं आली. म्हणाली, ही थडगी हजारो वर्षांची, तेव्हा पीर-फकीर कोणी नव्हते. मुजावर म्हणाला, "मंग तं बाबा लयच म्हातारे. अजून हळू बोला."

त्याला एकच पोरगी. लहानपणीच तापानं गेली. कब्रस्तान नाल्यापलीकडे आणि नाल्याला पूर. त्यानं तिला बाबाच्या शेजारच्या रिंगणात पुरलं. "म्हाताऱ्याले सोबत झाली," म्हणाला.

पुढे माळ आमच्याच गिट्टीच्या ठेकेदाराकडे गेला. तो म्हणाला, दर्गा सोडतो, बाकी सारे दगड फोडणार. पोरीची कबर हलव. मुजावरानं चुन्याची बादली घेतली आणि माळावरचं रिंगण न् रिंगण पांढरं केलं. हे बाबाचे भाऊ, ही फुफी म्हणजे आत्या, तो बाबाचा घोडा. पोरीला त्या गर्दीत लपवून टाकलं.

ठेकेदार हसला. "पिराले एवढं गणगोत असते काय बे?"

"तुम्हाले हाय, मंग त्याले काहून नसावं?"

मी घण खाली ठेवला. पिराला भिऊन नाही. मी कोणाला भीत नाही. पण लेकराच्या उशाचा दगड मी फोडत नसतो. बाकीचे मजूर मात्र भ्यालेच. ठेकेदारानं दुसरी टेकडी धरली.

मग बायाबापड्या यायला लागल्या. फुफीला बांगड्या, घोड्याला हरभरे. गुरुवारी उभं राहायला जागा नसे. भक्तांनी ठरवलं, बाबाला मोठा पक्का ओटा बांधायचा, पायाभरणीला दगड इथलेच.

"नाही म्हण," मी त्याला बजावलं.

"ठेकेदाराले म्हटलं गा. बाबाच्या घराले नाही कसं म्हणू? पोरीचं रिंगण तेवढं सोडतो म्हणाले ते."

तो उदबत्त्या आणायला कामठीला गेला, मी खदानीत, त्याच दिवशी ट्रॅक्टर आला. मजुरांना सगळे दगड सारखेच पांढरे. सगळेच उपटले, ओट्याच्या पायाभरणीत घातले, जमीन सपाट केली. तो परत आला आणि वेड्यासारखा पळत सुटला. "इथं होती? का इथं?" गवंडी खाली मान घालून म्हणाला, "चाचा, सारे तं तुमच्याच हातचे रंगवलेले."

मी म्हणालो, "चल, खोदून पाहू."

"कुदळ तिलेच लागली तं?"

मी उचललेली कुदळ खाली ठेवली.

ओटा झाला, उरूस आला. पहिली चादर मुजावराची. वरून माणसं हाका मारत होती, "चाचा, या ना वर!" तो काठाशी उभा, एक पाय उचललेला. मी त्याचं कोपर धरलं.

"पाय कुठं ठेवू गा?"

चादर त्यानं माझ्या हातात दिली. मग मागच्या मागे, चवड्यावर, जमीन चाचपत चाचपत तो रस्त्यापर्यंत गेला. तिथून पुढे तो कोणाला दिसला नाही.