आमच्या व्याह्यांची आक्का

कोणत्या वयात माणसानं काय करू नये, याचे जेवढे नियम कोल्हापुरात आहेत तेवढे सगळे आमच्या व्याह्यांनी एकट्यानं मोडले आहेत, आणि मोडायला निघताना दर वेळी मलाही हाताला धरून नेलं आहे. मुलाच्या बापानं लोडाला टेकून बसायचं आणि मुलीच्या बापानं तांब्या घेऊन उभं राहायचं, ही आपली रीत. माझ्या लेकीच्या लग्नात हा गृहस्थ मुलाचा बाप असून वाढप्यांच्या रांगेत ताट घेऊन उभा होता आणि मला पहिल्या पंगतीत बसवून ओरडत होता, "पावणं, घ्या की अजून एक जिलबी! लाजतासा काय?" ओरडत म्हणजे खरोखरच ओरडत. कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीपाशी त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं हळू बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. निवृत्त होऊन ते शिवाजी पेठेतल्या घरी परतले, पण आवाज भट्टीपाशीच राहिला. राजारामपुरीत माझ्याकडे त्यांचा फोन आला की मी तो हातभर लांब धरतो, आणि उत्तर माझी बायको स्वयंपाकघरातून देते.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, पुण्याला असतो. बापाशी फोनवर तो "हं", "बरं" आणि "ठेवतो" एवढे तीनच शब्द बोलायचा. पण संगणकावर एक खेळ खेळताना हाच मुलगा अनोळखी माणसांशी तासन् तास गप्पा मारतो, असं सुनेकडून कळल्यावर व्याह्यांनी तोच खेळ घेतला. या खेळात गावोगावची माणसं आपापल्या घरी बसून एकेक सोंग घेतात, कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, आणि टोळी करून किल्ले लढवतात. हेडफोन लावला की सगळ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. जावयाला पुढं कंटाळा आला आणि त्यानं खेळ सोडला. व्याही राहिले. नुसते राहिले नाहीत, त्यांनी स्वतःची टोळी उभी केली, तिला 'तालीम' असं नाव दिलं आणि मला फोन केला, "पावणं, मी एकटा किती लढू? या की ढाल घेऊन!"

स्वतःसाठी त्यांनी निवडलं होतं एका नाजूक, निळ्या डोळ्यांच्या, लांब कानांच्या वैद्यबाईचं सोंग. लढाईत जखमी झालेल्यांना दुरून औषध फेकायचं, हे तिचं काम. नाव 'आक्का'. घरात सगळे त्यांच्या आईला आक्का म्हणत. मी विचारलं, "अहो, एवढे पिळदार पैलवान सोडून बाई कशाला?" ते म्हणाले, "बाप्यानं दिलेलं औषध कडू लागतंय. आक्कानं दिलेलं कधी लागलं न्हाय." पडद्यावर ती परी हलकेच मान वळवायची आणि तिच्या आतून भट्टीवाला नाशिकच्या गड्यावर गरजायचा, "ए नाशिक, मागं सर की! मरायची घाई झालीय व्हय तुला?" नवीन माणसाला यातून सावरायला आठवडा जात असे.

या तालमीचे कायदे जगातल्या कुठल्याच टोळीत नसतील. किल्ल्याच्या दारात प्रत्येकानं आपल्या सोंगाला वाकायला लावून मातीला हात लावायचा. मग हजेरी, आणि हजेरीत एकच प्रश्न, "जेवलासा काय?" नाशिकच्या बँकेत कामाला असलेला आमचा तलवारबाज एकदा "बिस्किटं खाल्ली" असं बोलून गेला. व्याह्यांनी चढाई थांबवली. तो पिठलं टाकून, भाताबरोबर जेवून, भांडं घासून परत येईपर्यंत दहाबारा शूरवीर दारात ताटकळत उभे होते, आणि आतले राक्षस आमच्याकडे बघत होते. जिंकलेल्या वस्तूंची वाटणी इतर टोळ्यांत फासे टाकून होते. व्याह्यांना ते पटत नसे. "फासे टाकून कधी कुणाचं भलं झालंय? ज्याच्या घरात कार्य, त्याला आधी." नागपूरच्या नर्सबाई आमच्यात जादूगार. त्यांच्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा टोळीला मिळालेली सगळ्यात भारी तलवार व्याह्यांनी त्यांना आहेर म्हणून दिली. जादूगाराला या खेळात तलवार उचलताच येत नाही. बाईंनी ती पिशवीत जपून ठेवली. "भावाला दाखवली मी," त्या म्हणाल्या, "तो म्हणे, छान आहे."

समोरच्या टोळीशी त्यांचं वागणं म्हणजे थेट कोल्हापुरातल्या पेठापेठांतला फुटबॉल. लढाई चालू असताना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार, आणि शिट्टी झाली की त्यांच्याच जखमींना औषध. "अहो, ते शत्रू आहेत," मी म्हणायचो. "हुतं की. मॅच संपली आता."

सगळ्यांच्या पुढं ढाल घेऊन उभं राहायचा मान त्यांनी मला दिला होता. खरं तर ढालकरी चपळ लागतो आणि मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. पण व्याही ऐकेनात. त्यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या बहिणीच्या सासरी पंगत उठेपर्यंत त्यांच्या वडिलांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. टोपी हातात धरून उभे असलेले वडील त्यांनी लहानपणी पाहिले होते. "माझ्या देखत लेकीचा बाप खाली बघणार न्हाय," ते म्हणाले, आणि लगेच नाशिकवर ओरडायला लागले.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

पावसाळाभर आम्ही एका किल्ल्याची तयारी करत होतो. आतल्या चौकात एक ड्रॅगन झोपलेला असतो. त्याला न उठवता प्रत्येकानं आपापली जागा धरायची, आणि व्याह्यांनी हाक दिली की ढालकऱ्यानं पहिलं पाऊल टाकायचं. त्याआधी कुणी हललं तर सगळे जळून खाक. दिवस रविवारचा, वेळ दुपारची. घरी मटण झालं होतं, पांढरा रस्सा मी वाटीवर वाटी प्यायलो होतो. बाकीचे जागा धरत होते, मी खुर्चीत वाट बघत होतो. डोळा कधी लागला ते कळलं नाही. हात कळफलकावर पडला आणि पडद्यावरचा माझा ढालकरी शांतपणे चालत जाऊन ड्रॅगनच्या नाकाला धडकला.

जाग आली तेव्हा पडदा लाल झाला होता आणि कानात कल्ला चालला होता. नर्सबाई म्हणत होत्या, "तो ड्रॅगन तर मस्त घोरून राहिला होता! मंग उठला कसा?"

घोरत होता तो ड्रॅगन नव्हता. हे त्या अख्ख्या टोळीत एकाच माणसाला ओळखता आलं असतं. लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयात व्याही माझ्या शेजारी झोपले होते आणि सकाळी म्हणाले होते, "पावणं, रात्रभर लेथ मशीन चालू हुतं की!"

मग व्याह्यांचा आवाज आला, "मी सांगिटलं पावण्यांना पुढं व्हा म्हणून. माझी चूक."

"आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही," नाशिकवाला म्हणाला.

"हळू बोललो."

जन्मात कधी हळू न बोललेला माणूस हे म्हणाला, आणि कुणाला शंका आली नाही! याचं मला आजही नवल वाटतं. पण माणसं रागावली होती, आणि रागाला कारण आधीपासून साठलं होतं. पिठल्यासाठी थांबलेल्या चढाया, भलत्याला गेलेल्या तलवारी, सगळं बाहेर आलं. टोळीनं प्रमुख बदलायचं ठरवलं. "वडीलधारे आणि शांत" म्हणून माझं नाव निघालं. पहिलं मत व्याह्यांनी दिलं आणि ते टोळी सोडून निघून गेले. मी काय बोललो? "सगळ्यांची इच्छा असेल तर," असं बोललो. कचेरीत आयुष्यभर हेच वाक्य कामाला आलं होतं.

माझ्या हाताखाली तालीम पाचसहा वर्षं फार व्यवस्थित चालली. वाटणी फाशांनी. हजेरीत प्रश्न नाही. नवा वैद्य आला, विजेसारखा हात, तोंडातून शब्द नाही. तो ड्रॅगनही आम्ही मारला. माणसं यायची, लढायची, आपला वाटा घेऊन निघून जायची. नर्सबाईंची आई आजारी होती हे मला तिच्या तेराव्यानंतर कळलं. दिवाळीला व्याही फराळाला आले की खेळाचं नावही काढायचे नाहीत. जाताना पायरीवर चप्पल घालत तेवढं विचारायचे, "पोरं जेवत्यात न्हवं टायमावर?" मी होय म्हणायचो. मला ठाऊक नसायचं.

असंच चाललं असतं. पण गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी नव्या पोरांपैकी एकानं लढाईत घोटाळा केला आणि दुसरा त्याला हसून म्हणाला, "काय राव, आक्का केलीस!" मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "सगळेच म्हणतात काका. कुणीतरी एक म्हातारा होता म्हणे, आक्का नावाचा, त्यानं अख्खी टोळी मारली. तेव्हापासून माती केली की आक्का केली."

एका माणसानं आपल्या आईचं नाव प्रेमानं एका परीला दिलं होतं, आणि माझ्या घोरण्यापायी त्या नावाची शिवी झाली होती. मी सगळ्यांना थांबवलं. रस्सा, खुर्ची, कळफलकावर पडलेला हात, सगळं सांगितलं. मग नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे काका, तो ड्रॅगन तुम्ही होते?" आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी रडत आहेत हे कळायला मला वेळ लागला. नाशिकवाला म्हणाला, "हळू बोललो म्हणे! आणि आपण ऐकून घेतलं."

मी रिक्षा करून शिवाजी पेठेत गेलो. व्याह्यांना सगळं कळल्यावर त्यांनी जो आवाज लावला त्यानं समोरच्या, खऱ्या कुस्तीच्या तालमीतली दोन माणसं बाहेर आली. "कुणी सांगिटलं हुतं तुमास्नी तोंड उघडायला? झाकलेलं उघडं करून आलासा? लेकीचा बाप चारचौघांत..."

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "लेकीचा बाप इतकी वर्षं चारचौघांत खोटा बसला होता, त्याचं काय?"

ते गप्प झाले. मी त्यांना गप्प झालेलं प्रथमच पाहत होतो. मग पंख्याकडे बघत म्हणाले, "पोरं काय म्हणाली?"

"'या' म्हणाली."

"जेवली हुती?"

"ते तुम्हीच विचारा."

आता रविवारी दुपारी आक्का पुन्हा किल्ल्याच्या दारात उभी असते. प्रमुख व्हायला व्याही तयार नाहीत, पण हजेरी तेच घेतात, आणि 'आक्का केली' असं आता कुणी म्हणत नाही. मात्र मी गप्प बसलो त्या काळात त्यांची उरलीसुरली चांगली वर्षं निघून गेली. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, बोटं अडतात, हवं ते बटण सापडायला वेळ लागतो. औषध फेकेपर्यंत समोरचा माणूस आडवा झालेला असतो. त्यांना ते नीट दिसत नाही.

"पोचलं काय रं, नाशिक?" ते ओरडून विचारतात.

"पोचलं, आक्का," नाशिकवाला मरून पडल्या पडल्या सांगतो.