चिंच, राख आणि राणीचा रुपया

मुलीच्या सासरी, सौंसरला, देवघरातल्या पेटीत राणी छापाचा एक जुना रुपया निघाला. तिने मला फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. साल १८६२. या सालाच्या रुपयांची गोष्ट वेगळी आहे. टांकसाळीने तेच साल पुढे बरीच वर्षं छापलं आणि मागच्या बाजूला, सालाजवळ, मोहरीहून बारीक टिंबं वाढवत नेली. टिंबांवरून नाणं ओळखतात. माझ्याकडे एक, दोन आणि तीन टिंबांचे रुपये आहेत. फोटोत मला चार दिसत होती, पण चौथ्यावर मळ होता. हातात घेतल्याशिवाय खात्री नव्हती.

रुपया काळपट होता, आणि मला तोच हवा होता. चांदीवर इतक्या वर्षांत सावकाश चढलेला काळा थर म्हणजे कुणी छेडछाड न केल्याची खूण. मी व्याह्यांना फोन केला. म्हटलं, रविवारी येतो, पाहतो, पसंत पडला तर रीतसर भावाने घेतो. तोवर जसा आहे तसा राहू द्या.

रविवारी पांढुर्ण्याहून बसने गेलो. खिशात भिंग आणि छोटा वजनकाटा होता.

"या इवाई, या," व्याही म्हणाले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. स्टीलच्या ताटलीत लाल कापड, कापडावर रुपया. दारातूनच तो लखलखला, बाटलीचं नवं झाकण असावं तसा.

"कसा दिसून राहिला?"

"काय केलं याला?"

"काल दिवसभर चिंचेत ठेवला. मंग राखेनं घासला. तरी अक्षरातला काळा निघून नव्हता राहिला, त टूथपेस्ट लावून ब्रशनं काढला."

"कुठल्या ब्रशनं?"

"माह्याच, जुन्या. फेकायचाच होता."

मी रुपया कडेने धरला आणि खिडकीशी गेलो. चांगल्या नाण्यावर उजेड पडला की चमक फिरते. नाणं तिरपं करावं तशी तीही सरकते. इथे सगळीकडे सारखी, मेलेली पांढरी झाक होती. भिंगातून पाहिलं. राणीच्या कानावरचे केस आणि गाल, जिथे झीज आधी दिसते, तिथे मुळात झीज कमी असावी. पण त्यावर आता एकाच दिशेने शेकडो बारीक रेघा ओढलेल्या होत्या. अक्षरांच्या कोपऱ्यांत पेस्टचा पांढरा लगदा वाळला होता. वजन ११.६६ ग्रॅम हवं, ते ११.४८ भरलं. मागची बाजू पाहिली. पहिलं टिंब होतं. दुसरं अर्धं. पुढे नुसती चकचकीत सपाट जागा. तिथे तीन टिंबं होती की चार, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

"या रेघा पाहा," मी भिंग त्यांच्या हातात दिलं.

"कुठी जी?" म्हणत त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि खर्ऱ्याची ती तपकिरी लाळ राणीच्या गालावर फिरवली. "हां, आहेत खऱ्या. लई बारीक आहेत."

मी तोंड फिरवलं.

"घासायलाच नको होता," मी म्हणालो. "मी हा घेत नाही."

विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "काळा रुपया इवायाच्या हातात कसा ठेवाव जी? लोक काय म्हणतीन? तुमाले काळाच पायजे असन त सांगा, तव्यावर टाकून देतो."

व्याही खो-खो हसले. मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "बाबा, काल मी शाळेत होते," ती हळूच म्हणाली. ती शिक्षिका आहे.

"पैशे नका देऊ," व्याही म्हणाले. "असाच घेऊन जा. घरचे माणसं आपण." त्यांनी रुपयाला ओलं कुंकू लावलं. ते रेघांमध्ये उतरताना मला दिसलं. मी मुलीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, घ्या. मी घेतला. घरी येऊन, नाणी कधीही न धुणाऱ्या मी तो साबणाने दोनदा धुतला आणि बाकीच्या संग्रहापासून दूर, खिळ्यांच्या डब्यात टाकला.

बुधवारी मुलीचा शाळेतून फोन आला. "बाबा, पेटीच्या तळाशी आणखी सहा निघाले. मामंजी ते घेऊन सोनाराकडे गेलेत. तुम्ही रेघा दाखवल्या ना, ते त्यांनी फार मनावर घेतलं. पॉलिशच्या मशिनीवर रेघा पडत नाहीत म्हणे. तुम्हीच बोला, लवकर."

मी लगेच व्याह्यांना फोन लावला. मागे चाक घरघरत होतं.

"इवाई, काळजीच नोका करू! माह्या डोयासमोर करून घेऊन राहिलो. पाच झाले, एक बी रेघ नाही."

"सहावा थांबवा! त्याच्यावर साल कोणतं आहे, पाहा."

"थांबा, पायतो." घरघर थोडी मंदावली. ते सोनाराला काहीतरी म्हणाले. "होतं जी काही तरी. आता नाही दिसून राहिलं. पण पाहा तं खरं, आरशावानी झाला."