जीन्सची पँट आणि रविवारचं गिऱ्हाईक

जीन्सची पँट मी गाडीसाठी शिवून घेतली, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं की ती मला हवीच होती आणि गाडीनं निमित्त दिलं. एक्कावन्नाव्या वर्षी बाईला काही हवं असलं की आधी निमित्त शोधावं लागतं. नुसतं हवं आहे म्हणून भागत नाही.

गाडी म्हणजे मोपेड. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला सातपूरच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये नोकरी मिळाली होती. आम्ही राहायचो नाशिकरोडला, बौद्ध वसाहतीत. पहिली पाळी सातची. नाशिकरोडहून शालिमारला एक बस, तिथून सातपूरला दुसरी, आणि पहिली चुकली की दुसरीही हमखास चुकायची. दोन वर्षं मी ते सोसलं. मग मागच्या पडवीत गोणपाटाखाली पडलेली नवऱ्याची मोपेड बाहेर काढली आणि विहारासमोरच्या मैदानात पंधरा दिवस धडपडून शिकले. वसाहतीतल्या बायका दळण टाकायला जाता जाता थांबून बघायच्या. मी त्यांच्याकडे बघितलं की पडायचे, म्हणून बघणं सोडून दिलं.

गाडी आली आणि मला सकाळी एक तास जास्त झोप मिळाली. पण खरी गोष्ट झोपेची नव्हती. गाडीवर कोणी सरकून बसा म्हणत नव्हतं, कोणी पायावर पाय देत नव्हतं, आणि पाऊण तास कोणालाही कसलंच उत्तर द्यायचं नव्हतं. द्वारका चौकाच्या पुढे रस्ता मोकळा लागला की मी चक्क गुणगुणायचे.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात त्र्यंबक रोडवर माझ्या साडीचा काठ मागच्या चाकात गेला. काही कळायच्या आत मी रस्त्यावर होते आणि साडी चाकाच्या आसाला गुंडाळलेली. कारखान्यात जाणाऱ्या दोघा कामगारांनी सायकली टाकल्या, खिशातल्या चाकूनं साडी कापली आणि मला उभं केलं. कोपर आणि गुडघा सोलवटला होता. त्यापेक्षा भर रस्त्यात अर्ध्या साडीत उभं राहणं मला जास्त लागलं. त्यातल्या एकानं आपली शाल दिली. ती गुंडाळून मी कामावर गेले.

शनिवारी मुलगा पुण्याहून आला. तिथे त्याची नोकरी होती. माझा गुडघा बघून तो म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू. माझ्या मित्राच्या काकांना हवीच आहे. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जातील."

"आणि मी कामावर कशी जाऊ?"

"बसनं. लोक जातातच की."

त्या 'जातातच की'नं माझं डोकं फिरलं. स्वतः तो ऑफिसला मित्राच्या स्कूटरवर मागे बसून जायचा. पण मी गप्प राहिले, कारण माझ्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणायचे. भिंतीवरच्या कोट-टायवाल्या तसबिरीखाली त्या तांदूळ निवडत होत्या. घरात शेवटचा शब्द त्यांचा. मुलगा त्याबाहेर नव्हता आणि मीही नव्हते. आत्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणजे ठरलं, असं आमच्या घरात धरून चालत.

माझ्याकडे एक आठवडा होता. साडीनं घात केला होता, तर साडीशिवाय चालवता येते हे दाखवायचं, एवढंच मला सुचलं. आधी भाचीचा पंजाबी ड्रेस घालून पाहिला. मैदानाला एक फेरी मारेपर्यंत ओढणी दोनदा तोंडावर आली आणि एकदा चाकाकडे निघाली. तो परत केला. परत करताना मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. आता जीन्सशिवाय उपाय नाही असं स्वतःला सांगायला मी मोकळी झाले.

जीन्सचं वेड जुनं होतं. चाळिशीला आले होते तेव्हा, सत्तरच्या दशकात, शालिमारच्या स्टॉपवर कॉलेजच्या मुली दिसायच्या. त्यातल्या एकीची गडद निळी पँट मला अजून आठवते. बस आली की ती दोन ढांगांत चढायची, हातात पुस्तकं, निऱ्या सांभाळायला हात लागायचाच नाही. ती सुंदर दिसायची असं नव्हे, ती कुठे अडकत नसे. मला त्या पोरीचा हेवा वाटायचा. हे मी कोणापाशी बोलले नाही. बोलणार कोणाजवळ?

सोमवारी पाळी सुटल्यावर मेनरोडला गेले. दुकानदारानं ठाण उलगडत विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हटलं, "हो, मुलासाठी." कापड जाड होतं, रंग पिकल्या जांभळासारखा. त्यानं निरोप देताना बजावलं, "रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, मग शिवायला टाका. हे आटतं."

शालिमारजवळच्या गल्लीत एक वयस्कर शिंपी होता, फक्त पुरुषांचे कपडे शिवणारा. नवऱ्याच्या सगळ्या पँटी त्याच्याच हातच्या. मी कापड पुढे ठेवलं आणि माझ्यासाठी म्हटलं, तेव्हा तो बराच वेळ कापडच चाचपत राहिला.

"भिजवलंय ना, वहिनी?"

"हो," मी म्हटलं. आठवडा हातात, भिजवायला एक रात्र आणि एवढं जाड कापड वाळायला एक-दोन दिवस. मला इतका धीर नव्हता. थापच होती.

माप घ्यायचा प्रश्न आला. तो बाईला टेप लावणार नव्हता आणि त्याला ते सांगायचाही संकोच. शेवटी त्यानं टेप माझ्या हातात दिली, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि वही उघडली. मी मापं घेत सांगत गेले, तो लिहीत गेला. कंबर आली तेव्हा मी म्हटलं, "चौतीस." होती छत्तीस. टेप परत देताना वहीत नजर गेली. त्यानं छत्तीसच लिहिलं होतं.

तेवढ्यावर तो थांबला नाही. एकदा काम हाती घेतल्यावर त्याचा संकोच गेला आणि शिंपी जागा झाला. "चेन बाजूला लावू? लेडीजना बाजूला लावतात." मी म्हटलं, पुढेच. "मग कमरपट्टी उंच घेतो, पोट आत राहील. मागचे खिसे मोठे आणि थोडे वर. लहान खिसे लावले की मागचा भाग आहे त्याहून मोठा दिसतो. खाली सरळ सोडतो, घोळ नको, तुमची उंची उठून दिसेल." तीस वर्षांत माझ्या उंचीबद्दल कोणी एवढा विचार केला नव्हता.

शुक्रवारी पँट मिळाली. आत्या विहारात गेल्या होत्या. कपाटाच्या आरशासमोर मी ती चढवली, वर लांब कुडता घातला, मग कुडता थोडा वर उचलून पाहिलं. शिंप्यानं सांगितलं तसंच झालं होतं. पोट जागच्या जागी. पाय लांब. आरशात एक ताठ उभी राहिलेली बाई होती, आणि ती मी होते. मी खोलीत खाली बसले, उठले, पलंगावर पाय टाकून पाहिला. कुठे काही सुटत नव्हतं, कुठे काही खोचायचं नव्हतं. इतकी वर्षं अंगावर केवढं सांभाळत होते ते तो सांभाळ संपल्यावर कळलं. मला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं.

काढली तर पाय निळे. मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत रंग उतरलेला, आणि कपड्याला खळीचा उग्र वास. रविवारी सगळ्यांसमोर अशी कशी घालणार म्हणून मी ती कढत पाण्यात सोडा घालून धुतली आणि गच्चीवर वाळत टाकली. शनिवारी दिवसभर ती वाळत होती. संध्याकाळी घडी घालताना मला थोडी शंका आली, पण मी ती शंका घडीतच ठेवली.

रविवारी सकाळी मुलगा आलेला. आत्या पांढरं लुगडं नेसून वंदनेला गेल्या. गिऱ्हाईक अकराला येणार होतं. मी आत जाऊन पँट घातली. चेन लावायला पलंगावर आडवं व्हावं लागलं, पण लागली. उभी राहिले आणि खाली पाहिलं. पँट घोट्याच्या वर चार बोटं जाऊन थांबली होती. उघडे पाय, उघडे घोटे, एखाद्या वाढत्या पोराला गेल्या वर्षीची पँट घातल्यासारखं. दुकानदारानं सांगितलं होतं, शिंप्यानं विचारलं होतं, आणि मी थाप मारली होती. दुसरा उपाय शोधायला आता वेळ नव्हता. ओढणीसकट ड्रेस परत गेला होता, साडी तर आधीच हरली होती. गाडी गेलीच, असं मनात म्हटलं आणि तशीच बाहेर आले.

मुलानं चहाचा कप खाली ठेवला. "आई, हे काय?"

"गाडी चालवायचे कपडे."

तो काही म्हणणार तेवढ्यात आत्या दारात आल्या. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या तसबिरीतला कोट-टाय दाखवून म्हणणार होते की आपल्या पुरुषांनी कपडे बदलले तेव्हा आपण माना वर करून चालायला लागलो, मग बायकांनी बदलले तर काय बिघडलं. चांगलं उत्तर होतं. पण आत्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या खाली बघत होत्या.

"घोटे दिसत्यात," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आत्या, कापड आटलं."

"ते कळलं. पण आपल्या बायांनी घोट्याच्या वर कापड नेसायचं नाय."

मी पँटीबद्दलच्या बोलण्याची वाट बघत होते. ते आलंच नाही. आत्या भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते तीस वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर लासलगावच्या बाजूचं. आमच्या लोकांच्या बायांनी तिथे लुगडं गुडघ्याशी नेसायचं, खाली सोडायचं नाही, अशी गावची रीत. लांबून कळावं, ही कोण आहे ते. आत्या पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे वडील कुठल्याशा सभेला जाऊन आले आणि घरातल्या बायांना म्हणाले, उद्यापासून लुगडं घोट्यापर्यंत.

"आम्ही सोडलं," आत्या म्हणाल्या. "पाण्याच्या वाटंला चौघं उभी व्हती. एकानं माझा काठ धरला आन म्हनला, कुनाची रानी गं तू? समदी हसली. मी भ्याले. दुसऱ्या दिशी वर खोचून गेले. एकच दिवस. माझ्या आईनं बघितलं, पन काय बोलली नाय. नुसती माझ्या पायाकडं बघत राह्यली." "तवापासून कदी वर घेतलं नाय. म्हातारपनात पाय अडकत्यात, पडते, तरी घेत नाय."

मुलगा खाली बघत होता. आत्या पुढे सरकल्या आणि त्यांनी माझ्या पँटीची खालची दुमड उलटून पाहिली. शिंप्यानं आत चांगली चार-पाच बोटं माया सोडली होती, वाढीव कापड दुमडून ठेवलं होतं. कदाचित माझ्या 'हो'वर त्याचाही पुरता विश्वास बसला नसेल.

"ब्लेड आन," त्या मुलाला म्हणाल्या.

मी उभी, आत्या माझ्या पायांशी बसलेल्या, एकेक टाका उसवत. मी म्हटलं, "आत्या, मी काढून देते, तुम्ही खाली नका बसू." त्या म्हणाल्या, "उभी ऱ्हा. अंगावर बघितल्याबगर कळत नाय." दुमड खाली आली. खालची पट्टी वरच्यापेक्षा गडद राहिली, मध्ये घडीची पांढरट रेघ. पण घोटा झाकला, टाचेला कापड टेकलं. आत्यांनी हात फिरवून ते सारखं केलं.

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. मुलगा उठला. त्यानं आत्यांकडे पाहिलं. आत्या जागच्या हलल्या नाहीत. ब्लेड हातातच होतं.

"गाडी विकायची नाय," त्या म्हणाल्या. "तिला लागती. चहा घिऊन जा."

मला हायसं वाटलं. ते काका बिचारे खरंच चहा घेऊन गेले. मुलानं त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि परत येऊन मला म्हणाला, "आई, पण हेल्मेट घालत जा." तेवढं तरी त्याला बोलायला हवं होतं.

सोमवारी सव्वासहाला मी गाडी काढली. थंडी होती. वसाहतीतल्या बायका नळावर होत्या आणि त्यांचे हंडे भरून वाहत होते, कारण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. दोघींनी पदर तोंडाला लावला. मी पेट्रोलचा कॉक उघडून पॅडल मारत होते आणि त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघूनही पडायला झालं नाही. आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. नळावरून कोणीतरी त्यांना हाक मारून विचारलं, "आजी, सून कुठं निघाली हो अशी?"

"कामावर," आत्या म्हणाल्या, आणि मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आत गेल्या नाहीत, असं मला नंतर शेजारणीनं सांगितलं.