बोटीवरच्या जेवणाचे कपडे

बोटीवर रात्रीच्या जेवणाला सोळा वर्षांच्या मुलीनं काय घालावं, या प्रश्नावर कासारवाडीतल्या आमच्या चाळीनं उन्हाळ्याचा एक अख्खा महिना घालवला. आमची आई सोडली तर चाळीतल्या एकाही बाईनं बोट पाहिलेली नव्हती, आणि आईनं पाहिली होती तीही खालच्या डेकवर पथारी टाकून. पण मत प्रत्येकीला होतं. मला तर दोन मतं होती, आणि ती दोन्ही एकमेकांच्या झिंज्या उपटत होती.

पन्नास ते साठ या दशकातली शेवटची वर्षं असतील. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील रबरी पट्टे आणि नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते, आणि कारखान्याच्या भिंतीला लागूनच आमची चाळ होती. मे महिन्यात रजा मिळाली की मुंबईला जायचं, धक्क्यावरून बोट धरायची, की दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मालवण. जेवण म्हणजे फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. अंगात काय आहे हे बघायला डेकवर कुणाला सवड नसायची.

त्या वर्षी मात्र मला स्थळ आलं. मुलगा मुंबईला सरकारी कचेरीत होता. त्याचा मामा बोटीवर नोकरीला होता. नक्की काय काम करायचा ते मला आजवर कळलेलं नाही, पण पांढरा कोट घालायचा आणि बोट स्वतःच्या मालकीची असल्यासारखं बोलायचा. एका रविवारी तो आमच्याकडे आला. आल्यापासून सारखा रुमाल नाकाला लावत होता. त्याला सर्दी झाली असेल म्हणून आईनं आलं घालून चहा केला.

"मुलगी बघायला घरी कशाला यायला पाहिजे?" तो वडिलांना म्हणाला. "मुलगा आणि त्याची आई तुमच्याच बोटीनं गावी चाललीयेत. रात्रीचं जेवण वरच्या वर्गाच्या भोजनगृहात घेऊ, माझ्यातर्फे. मुलगी आपोआप बघून होईल. फक्त कपडे जरा नीट घाला हां. तिथं टेबलावर बडी मंडळी असतात."

झालं! "जरा नीट" म्हणजे काय, ते सांगायला मामा थांबला नाही.

मला काय हवं होतं ते आधी सांगते, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. माझी दहावी झाली होती. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची, तिला एक वर्ष राहिलं होतं. मी रोज गाडीनं पुण्याच्या शाळेत जायचे, आणि चाळीतून मॅट्रिकला बसणारी पहिली मुलगी मीच असणार होते. वडील म्हणाले, पसंती आली तर दिवाळीनंतर लग्न उरकू, मॅट्रिक काय लग्नानंतरही करता येतं. तसं करून दाखवलेली एकही बाई मला माहीत नव्हती. तेव्हा मला नकार हवा होता. काही झालं तरी नकारच हवा होता.

त्यासाठी माझा बेत तयार होता. शाळेचा हिरव्या चौकड्यांचा परकर, पोलकं, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. पाय हलवत बसायचं, भात सांडायचा. पोर अजून लहान आहे म्हणतील आणि सोडून देतील.

आईचा बेत वेगळा होता. ती स्वतः नऊवारी नेसायची, पण मुंबईच्या मुलासमोर मुलगी गोल साडीतच गेली पाहिजे यावर ती अडून बसली. शेजारच्या साताऱ्याच्या वहिनींकडून तिनं जांभळी साडी मागून आणली. मग चर्चेला तोंड फुटलं. कुणी म्हणे अंबाडा घाल, कुणी म्हणे गजरा नको, बडी मंडळी हसतात. आमच्या चाळीच्या मालकीणबाई इथल्याच, शेतकरी घरातल्या. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं बया, जेवायला कापडं कशाला येगळी? जेवायला त्वांड लागतं!" चाळीतलं एवढं एकच शहाणपणाचं वाक्य, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

पोलकं शिवायला आई मला पिंपरीच्या कॅम्पात एका सिंधी बाईंकडे घेऊन गेली. बाई फाळणीनंतर इथं आल्या होत्या आणि खोलीच्या दारात मशीन टाकून शिवायच्या. त्यांनी माप घेतलं आणि विचारलं, "बेटी, बाही साधी करू की फुग्याची?"

जिला नकार हवा आहे तिनं काय म्हणावं? "साधी." मी म्हणाले, "फुग्याची. मोठा फुगा."

खरं सांगू का? मला नकार हवा होता, पण कुरूप म्हणून नको होता. नकार देणाऱ्याला नंतर चार रात्री झोप लागू नये, एवढी माझी माफक अपेक्षा होती. बाईंनी फुगे असे काही काढले की खांद्यांवर दोन कोबी ठेवल्यासारखी मी दिसायला लागले. मी मात्र घरी येऊन आरशासमोरून हलेना.

माझा तेरा वर्षांचा भाऊ वेगळ्याच मस्तीत होता. त्याच्यासाठी वडिलांची जुनी विजार कापून फुलपँट केली होती, आयुष्यातली पहिली. खिशात हात घालून चाळीच्या गॅलरीत तो सकाळ-संध्याकाळ येरझारा घालायचा. बोटीवर एकदा जेवायला बसला की साहेबच होणार, असं तोंड करून.

साहेब दुपारीच आडवे झाले. त्या दिवशी समुद्र जरा खवळलेला होता. फुलपँट घालायच्या आधीच त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि आईला त्याचं डोकं मांडीवर घेऊन डेकवर बसावं लागलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू जा गो. मी ह्याका टाकून कशी येव? पदर सांभाळ. आणि तोंड उघडू नको."

मी साडी, परकर सगळं घेऊन न्हाणीघरात शिरले. एका माणसाला उभं राहायला पुरेल एवढीच जागा, त्यात ती हलणारी. आणि तिथंही माझं ठरेना! आईनं साडीच्या आत नेसायला पांढरा परकर दिला होता. तो मी पिशवीतच ठेवला आणि आत शाळेचा हिरवा परकर नेसले, त्यावर साडी. म्हणजे ऐनवेळी धीर झालाच तर साडी सोडून टाकायची, खाली शाळकरी मुलगी तयार. वेण्या दोन घातल्या, पण त्यांत अबोलीही माळली. असा विचार करणारी मुलगी मॅट्रिकला गणितात पास होईल का, ही शंका तेव्हा माझ्या मनात यायला हवी होती.

भोजनगृहात सगळं टापटिपीचं होतं. पांढरे टेबलक्लॉथ, काचेचे पेले, आणि बोट हलली तरी जागची न हलणाऱ्या, जमिनीला स्क्रूनं आवळलेल्या खुर्च्या. वडील धोतरावर लग्नातला काळा कोट घालून आले होते. एरवी तो कोट दाराआडच्या खुंटीवर असायचा, त्यांच्या कामाच्या शर्टाच्या शेजारी. वडील मामाजवळ बसले आणि बोटीवरचे पाण्याचे पाइप कुठल्या रबराचे असतील ते त्याला खुशीत सांगायला लागले. घरात कधी एवढं बोलत नसत. मुलाची आई माझ्या शेजारी, मुलगा समोर. मुलगा पापलेट खात होता. मन लावून, एकेक काटा बाजूला काढून खात होता. माझ्या फुग्यांकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. मेल्याला दोन खांदे दिसत नव्हते!

मी लहान दिसावं म्हणून भात सांडणार होते. पण साडीवर डाग पडेल म्हणून चिमणीसारखे घास घ्यायला लागले. बेत तिथंच बुडाला होता.

तेवढ्यात मुलाची आई माझ्याकडे वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अगो, हा जळक्यासारखा वास कसला येतो? साडीवर काही सांडलंय काय? तुझ्या बाबांच्या कोटालाही येतोय मघापासून."

मी हुंगलं. मला तळलेल्या माशाचा वास आला, बाकी कसलाच नाही. आणि मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामाची सर्दी! रोज गाडीत मी बसले की समोरच्या बायका खिडकी वर करायच्या, मला वाटायचं त्यांना वारा आवडतो. कारखान्याच्या भिंतीलगत वाळणारे आमचे कपडे, आमच्या गोधड्या, वहिनींची जांभळी साडी, सगळ्या चाळीलाच रबराचा वास होता, आणि तो आमच्यापैकी कुणालाही येत नव्हता. महिनाभर बाही, पदर, अंबाडा यांवर आम्ही डोकी फोडली आणि नाकाला कुणी विचारलंच नाही.

बाईंनी कुजबुजून विचारलं होतं. मीही कुजबुजून सांगितलं असतं तर संपलं असतं. पण मला आला राग. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून मी ताडकन उभी राहिले.

"रबराचा आहे तो वास! माझे बाबा दिवसभर तापलेल्या रबराजवळ काम करतात म्हणून येतो. त्यांच्या अंगाला येतो, म्हणून आमच्या सगळ्यांच्या अंगाला येतो. तुमच्या ह्या बोटीच्या पाइपांनाही येत असेल, जाऊन हुंगून बघा!"

वडिलांनी पाइप सोडून माझ्याकडे बघितलं.

पुढे आणखी काहीतरी जबरदस्त बोलायचं माझ्या मनात होतं. पण ताडकन उठताना निऱ्यांवर माझाच पाय पडला होता, आणि नेमकी त्याच वेळी बोट कलली. मी खुर्चीची पाठ धरून सावरले, साडी नाही सावरली. सगळी जांभळी साडी पायाशी गोळा झाली आणि मी त्या बड्या मंडळींत हिरव्या चौकड्यांच्या परकरात, दोन वेण्या आणि दोन कोबी घेऊन उभी राहिले. महिनाभर जे ठरत नव्हतं ते बोटीनं ठरवून टाकलं.

"अगो बाय," मुलाची आई म्हणाली, आणि हसली. वाईट नाही हसली. "ही तर शाळकरी पोर आहे!"

मुलानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि मामाला म्हणाला, "आणखी एक पापलेट मिळेल काय?"

मला रडू फुटलं. हवा तो नकार समोर ताटात वाढला होता आणि मी हमसून हमसून रडत होते. वडील उठले. त्यांनी साडी उचलून झटकली, घडी केली आणि हातावर घेतली. मला पुढे घालून दाराबाहेर पडताना त्यांनी मान वळवून कोटाची बाही नाकाशी नेली. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. कुणी बघत नाही असं त्यांना वाटलं असावं, पण मी बघत होते.

पहाटे मामा येऊन सांगून गेला, मुलगी लहान आहे, दोनेक वर्षांनी बघू. मालवणला बोटीतून किनाऱ्याकडे नेणाऱ्या पडावात उतरताना वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "अकरावीची पुस्तकां जुनी गावतत काय बघ." मी आनंदानं पाण्यातच पडणार होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि घरात एक नवीन रीत सुरू झाली. तोवर वडील कामावरून आले की हातपाय धुऊन, आहेत त्याच शर्टात पाटावर बसायचे. आता ते आधी मोरीत शिरायचे, साबण लावून अंग घासून घासून धुवायचे, पेटीतला पांढरा सदरा घालायचे आणि मगच जेवायला यायचे. पेटीत आईला वासाचा वाळा ठेवायला सांगितला होता. "बोटीवरचा जेवाण आसा ना?" असं म्हणून ते हसायचे. आम्हीही हसायचो. भाऊ तर पोट धरून हसायचा. वडिलांना तो वास तोवर माहीतच नव्हता. त्यांच्या बाजूनं एवढ्या जोरात बोलून तो त्यांना मीच कळवला होता.

मी आईला एकदा विचारलं, तुला इतकी वर्षं वास आला नाही का गं? ती भाकरी थापत होती. "वास खंयचो?" ती म्हणाली. "तो तेंचोच."

पुढच्या वर्षी मॅट्रिकचा निकाल लागला. मी पास झाले, गणितातसुद्धा. वडिलांना कारखान्याच्या फाटकावरच बातमी कळली होती. पेढ्यांचा पुडा घेऊन ते आले आणि नेहमीसारखे पेटीकडे वळले. पेटीत सदरा नव्हता. तो मी सकाळीच बादलीत बुडवून ठेवला होता.

"सदरो खंय गेलो?"

"भिजत घातलाय. आहात तसे बसा, बाबा."

त्यांनी पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला. मग कामाच्या शर्टात पाटावर बसले, भिंतीकडे जरा सरकून. आईनं वाढलं. मी माझं ताट उचललं आणि त्यांना खेटून बसले. दोन घास झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "वास येता मा गो?"

"येतो," मी म्हणाले.

"मगे?"

"मग काय? जेवा."