साडेअकरानंतरचे अर्ज

शहापूरच्या घरात बसून हर्षा नागपूरच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायची. एका नर्सिंग कॉलेजचे प्रवेश अर्ज ऑनलाइन घेणारा प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिला होता, म्हणून साकोलीकडच्या मामेबहिणीला, कामिनीला, तिनं आग्रहानं तिथंच अर्ज भरायला लावला होता.

यादी लागली आणि कामिनीचा फोन आला. "ताई, माह्या अर्जावर 'मुदतीनंतर आला' लिहून आहे. मी तं शेवटच्या दिवशी दुपारीच भरली होती."

"तुलेच उशीर झाला असन," हर्षा म्हणाली. पण मन खाऊ लागलं, म्हणून तिनं प्रोग्राम उघडला.

मुदत संध्याकाळी पाचची होती. सर्व्हरनं ती भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक घड्याळात ठेवली होती, म्हणजे सकाळचे साडेअकरा. अर्जाची वेळ मात्र भारतीय घड्याळाची. दोन्हींमागची टाइम झोनची खूण काढून तिनं नुसते आकडे ताडून पाहिले होते. त्या दिवशी साडेअकरानंतर आलेला प्रत्येक अर्ज उशिराचा ठरला होता.

तिनं लगेच साहेबांना, मनिषसरांना, कळवलं. त्यांनी कॉलेजात विचारलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले; तोवर जागा भरल्या होत्या, वर्ग सुरू झाले होते.

"दुरुस्त करून टाक," ते म्हणाले, "आणि बाहेर बोलू नकोस. कंपनी अडचणीत येईल."

दुरुस्ती एका ओळीची होती. ती झाल्यावर हर्षानं गाडी काढली.

साकोलीकडं मामाच्या शेतात भाताची रोवणी चालू होती. कामिनी बांधीच्या खाचरातून चिखलाच्या पायांनी वर आली. हर्षानं सगळं सांगितलं. एकाच क्षणाला दोन घड्याळांत दोन आकडे असतात, हे समजावताना तिची जीभ अडखळत होती.

"म्हणजे मी येळेवर होती?"

"होय."

"आता सुधरवलं तं घेतील मले?"

"नाही घेत."

कामिनी हात गवताला पुसत म्हणाली, "माह्यासारख्या आणखी पोरी असतील ना? त्यायले सांगतलं का?"

"साहेब सांगू देत नाहीत."

"त्या तं सोतालेच दोष देऊन राहिल्या असतील, ताई."

तिकडून कामिनीच्या आईनं, उषामामींनी, हाक मारली, "कामिने, पऱ्हे संपले इकडं!" कामिनीनं रोपांच्या दोन पेंड्या उचलल्या आणि पुन्हा चिखलात उतरली. हर्षा बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहिली. त्या पोरींचे नंबर तिनं अर्जांतून फोनमध्ये घेऊन ठेवले होते. तिनं एक नंबर उघडला आणि फोन न लावताच बंद केला.