निळ्या खुणेच्या बाटल्या

ये गो सई, अशी जवळ बस. समोर नाहीस, म्हणून लिहून बोलतेय. पण मी रागावणार तेवढीच. सीवूड्सला चार दिवस राहिलीस, आईचं घर आवरलंस, कुलूप लावून गेलीस. पलीकडे करावे गावात म्हातारी मावशी अजून जिती हाय, हे एकदाही आठवलं नाही? असो. आता उठू नकोस, शेवटपर्यंत ऐक.

तुझ्या आईला आमच्या रबाळ्याच्या लॅबमध्ये सगळे 'टकटक मॅडम' म्हणायचे. पेशी वाढवायचं उबदार कपाट उघडण्याआधी त्या दारावर दोन टिचक्या मारायच्या. लॅबचे मोठे साहेब हसायचे. मॅडम म्हणायच्या, "अहो, कुणाच्या घरात असं धाडकन शिरायचं का?"

मी तिथे बाटल्या धुवायला होते. चौथी पास. पेशी काय, जीन काय, सगळं सिंकपाशी उभ्याउभ्या त्यांच्याकडून शिकले. एकदा विचारलं, "मॅडम, सगळ्या पेशींत जीन तेच, मग एकीचा डोळा नि एकीचं लिव्हर कसं होतं?"

त्यांनी जेवणाचा डबा बाजूला ठेवला. "मावशी, तुमच्याकडे मोदकपात्र आहे?"

"हाय ना."

"रोज काढता?"

"रोज कशाला? गणपतीला."

"तेच तर! पेशीच्या फडताळात सगळी भांडी असतात, पण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच काढते. काही भांड्यांवर पहारेकरी बसलेला असतो. नेमका निरोप आला की तो उठतो, मग भांडं निघतं. आणि समजा, घराला आग लागली तर?"

"तर मोदक ऱ्हायले बाजूला. बादली घेऊन धावायचं."

"पेशीसुद्धा तसंच करते. नेहमीची कामं टाकते नि संकटातली भांडी काढते." मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "पेशी खोटं बोलत नाही, मावशी. आपल्याला नीट ऐकता आलं पाहिजे."

लिव्हरच्या पेशींतला एक गप्प बसलेला जीन औषधाने जागा करायचा, हे त्यांचं काम. औषधाच्या बाटल्यांवर निळी खूण, बिनऔषधाच्या साध्या. औषधामुळे निळ्या बाटल्यांच्या तळाला पिवळट कडं धरायचं. लॅबच्या साबणाने ते हलेना. मॅडमच्या बाटल्या अशा डागाळलेल्या मला बघवेनात. मी घरून भांड्यांची पावडर नेली नि तेवढ्या निळ्या बाटल्या घासून लख्ख केल्या. नियम होता की दुसरा साबण लावायचा नाही आणि शुद्ध पाण्याने आठदा खळबळायचं. कडं गेलं की मी तिसऱ्या पाण्यालाच थांबायचे.

आणि जीन जागा झाला! मॅडम धावत सिंकपाशी आल्या, माझे फेसाचे हात धरून म्हणाल्या, "मावशी, उठला हो पहारेकरी!" स्टाफला पेढे वाटले. साहेबांनी बाहेरच्या पाहुण्यांसमोर त्यांना उभं केलं.

मग गावदेवीच्या जत्रेला मी आठवडाभर रजा घेतली. बाटल्या दुसरीने धुतल्या, नियमाने. जीन उठलाच नाही. मी परत आले तेव्हा मॅडमचं तोंड उतरलेलं. "मावशी, माझ्या बाटल्यांना वेगळं काही लावलं होतंत का? आठवून सांगा, मी रागावणार नाही."

त्याच क्षणी मला कळलं. औषधाने कुणी उठलं नव्हतं. बाटलीत उरलेल्या माझ्या पावडरीने पेशींच्या घराला आग लागली होती, म्हणून त्यांनी ते भांडं काढलं होतं.

"नाय मॅडम. नेहमीचंच."

नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवसापासून मी आठदा खळबळू लागले. मॅडम पुन्हापुन्हा प्रयोग करत राहिल्या नि जीन पुन्हापुन्हा गप्प राहिला. शेवटी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिले आकडे खोटे, तुम्हीच घडवलेत." मी दाराशी ट्रे धरून उभी होते. तो तसाच सिंकपाशी नेला नि बाटल्या धुवायला घेतल्या. नोकरी सोडून जाताना मॅडम मलाच समजावत होत्या, "पेशी नाही चुकली हो. माझंच ऐकण्यात कुठेतरी चुकलं."

पुढे कुठल्याच लॅबने त्यांना घेतलं नाही. दहावीच्या शिकवण्या घेत राहिल्या, हे तू बघितलंसच. एकदा एपीएमसी मार्केटात भेटल्या. मला आंब्याची पेटी निवडून दिली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग हसतहसत म्हणाल्या, "आमची सई विचारते, 'आई, घडवले नव्हतेस तर तो जीन तेवढ्यापुरताच कसा गं उठला?' काय सांगू तिला?"

सई, तेव्हाही मी म्हटलं, "पोरं बोलतात काहीबाही. घरी या एकदा." त्या आल्या नाहीत. आता येणारही नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तुझ्या आईने एक आकडाही खोटा लिहिला नव्हता. साहेबांनाही तसं सही करून कळवलंय. त्यांच्याकडून अजून काही आलं नाही. पण मला ते तुझ्यासमोर, तोंडाने कबूल करायचंय. ओरडायला ये, पाणीसुद्धा पिऊ नकोस माझ्या घरचं. पण लवकर ये, बाय. या रविवारीच ये.