कानसताईच्या मेणबत्त्या

कारखान्यात तिला सगळे ‘कानसताई’ म्हणतात. मिलिंग मशीनवरून उतरलेल्या भागांच्या धारदार कडा कानशीने घासण्यात तिची नऊ वर्षं गेली. मशीन हातात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, आणि त्या मंगळवारी ते हातचं जायची वेळ आली.

काम होतं ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून उघडी डबी कोरायचं. भिंत पाऊण मिलिमीटर. आतली बाजू छान व्हायची. बाहेरून कटर लागला की पातळ भिंत थरथरायची, शिट्टी घुमायची आणि धातूवर लाटा उमटायच्या. दोन ठोकळे भंगारात गेले होते. तिसरा शेवटचा. नमुना पास झाला तरच पुढचं काम मिळणार होतं, आणि हाही बिघडला तर उद्यापासून पुन्हा कानस, असं फोरमनकाकांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती मेणबत्त्यांची दोन पुडकी घेऊन आली.

“वाढदिवस कुणाचा गं?” काकांनी विचारलं.

“ठोकळ्याचा.”

तिचे वडील प्लंबर. पाइप चेपू नये म्हणून वाकवण्याआधी ते त्यात वाळू ठासत. पोकळ वस्तूला पोटातून आधार लागतो, हे ती घरातच शिकली होती. मशीनमध्ये वाळू गेली तर वाट लागेल, म्हणून मेण. आतून कोरलेली डबी तिने मेणबत्त्या वितळवून मेणाने भरली. निवताना मेण आकसलं आणि भिंतीपाशी केसाएवढी फट पडली. तिने सगळं उकरून काढलं, डबी कोमट केली आणि पुन्हा थराथराने ओतलं.

मग बटण दाबलं. बाकीच्या दोन मशीनांवरचं काम थांबलं होतं. तिथली माणसं इकडे येऊन उभी होती. पहिली भिंत झाली. शिट्टी नाही. दुसरी झाली. तिचा अंगठा मशीन थांबवायच्या लाल बटणावरच होता. तिसरीला काकांनी मशीनच्या दाराला कान लावला. चौथीचा कोपरा वळला आणि कटर वर आला, तेव्हा कुणीतरी तिच्या पाठीत जोरात थाप मारली.

गरम पाण्यात मेण सुटून वर तरंगलं. तपासनिसाने भिंत बारा ठिकाणी मोजली, एक आकडा पुन्हा मोजला आणि हिरवा शिक्का मारला.

“आता चाळीस ठोकळे येणार,” काका म्हणाले. “चाळीस वाढदिवस.”

“मग पुडकी तुम्ही आणा,” ती म्हणाली. “मला मशीन सोडता येणार नाही.”